कॅमेरा फिरव म्हणे!

आज डोकं फिरलंय त्यामुळे पोस्ट मोठी होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक करून पुढे जा, वाईट वाटणार नाही.

आम्ही पारोळ्याला नात्यातल्या साखरपुड्याला गेलो होतो. मंडपात कूलर फक्त पुरुषांच्या बाजूला (हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे), पंगतीत वरण-बट्टी, वांग्याची भाजी, सगळं झकास. आमचा दादा चार पाहुण्यांना फोन दाखवत बसलेला. काय दाखवतोय म्हणून मी वाकून पाहिलं तर घरच्यांचं लोकेशन दाखवणाऱ्या फॅमिली अ‍ॅपमधला नकाशा. नकाशावर माझ्या भाचीचा फोटोवाला गोल. ती जळगावला हॉस्टेलला असते, इंजिनिअरिंगला. "हे बघा, कॉलेजातून निघाली की मला मेसेज, हॉस्टेलला पोचली की मेसेज, बॅटरी सुद्धा दिसते, ६२ टक्के." फोन या हातातून त्या हातात. लोक बोटांनी मोठं करून बघतायत, लग्नाच्या स्थळाचा फोटो बघावा तसं. आणि एकाने मोठं करता करता म्हटलं, "हे तर कॅफे दिसतंय."

बस. दादाचा चेहरा बदलला. तिथेच, सगळ्यांसमोर, स्पीकरवर व्हिडिओ कॉल. "कोठे शे व बेटा?" ती म्हणाली झेरॉक्सच्या दुकानात आहे पप्पा, जर्नलच्या प्रिंट काढते, उद्या सबमिशन आहे. "कॅमेरा फिरव."

आणि तिने फिरवला हो. काही न बोलता. झेरॉक्सचं मशीन, लॅमिनेशनचे कागद, लाइनीत उभी दोन-तीन मुलं, आणि हे काय चाललंय म्हणून बघणारा दुकानदार. "हां, ठीक शे." फोन ठेवला, सगळे हसले, कोणीतरी म्हणालं तूप वाढा इकडे.

मला घास जाईना. तिला कॅमेरा फिरवायची सवय झालीय हो! "का पप्पा?" एवढं सुद्धा विचारलं नाही तिने.

(तिला विचारूनच लिहितेय. संध्याकाळी फोन केला, लिहू का म्हटलं. म्हणाली लिही आत्या, फक्त कॉलेजचं नाव नको. नाही लिहिलं.)

आता त्या कॅफेचं. खाली झेरॉक्स आणि वर कॅफे, बिल्डिंग एकच. नकाशाला मजला कुठे कळतो? आणि स्लॅबखाली गेलं की सॅटेलाइट नीट पकडत नाहीत, मग फोन आजूबाजूचे वायफाय आणि टॉवर बघून अंदाज बांधतो. गुगल मॅपवर ठिपक्याभोवती फिकट मोठं वर्तुळ दिसतं कधी कधी, त्याचा अर्थ 'ही व्यक्ती यात कुठेतरी असेल'. पण वर्तुळाकडे कोण बघतो, आपण ठिपका बघतो आणि ठिपक्याखाली कॅफे लिहिलेलं असलं की पोरगी वाया गेली.

बरं असती कॅफेत तर? मला खरा राग याचाच आहे. जो तो "अरे झेरॉक्सला होती, उगाच संशय घेतला" म्हणत होता, म्हणजे कॅफेत असती तर संशय बरोबर होता का? वीस वर्षांची मुलगी आहे, विधानसभेला मतदान करून आली, बोटाची शाई दादानेच स्टेटसला टाकली होती. आमदार निवडायला अक्कल आहे आणि कोल्ड कॉफी कुठे प्यावी याची नाही?

माझी रसवंतीची गोष्ट काहींना माहीत आहे, पण परत सांगते. मी अमळनेरहून स्कूटीने शाळेवर जाते, चोपडा रोडने. ह्यांनी काळजीपोटी माझ्याही फोनमध्ये लोकेशन चालू करून दिलं, मी पण हो म्हटलं, काय बिघडतं. एप्रिलमधला दिवस, शाळा सकाळची, सुटून परत येत होते, आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तापीचा पूल ओलांडल्यावर एक रसवंती लागते. थांबले. आलं-लिंबू घालून एक ग्लास, बर्फ कमी. चरकाचे घुंगरू वाजतायत, सावलीत खुर्ची टाकलेली, समोर केळीच्या गाड्या चाललेल्या. मला ना घरी जायची घाई, ना शाळेची. आणि फोन वाजला. "का थांबली? पंक्चर झालं का?"

इतक्या प्रेमाने विचारलं हो. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. मी म्हटलं रस पितेय. "बरं बरं, ये सावकाश." संपलं. पण त्यानंतर तो ग्लास पिताना मी घड्याळ बघत होते. आपण इथे बसलोय हे घरी दिसतंय, एवढं एकदा कळलं की खुर्ची टोचायला लागते. मग दुसऱ्या वेळी मी थांबलेच नाही. तिसऱ्या वेळी थांबले तर आधी मेसेज केला, 'रस प्यायला थांबतेय'. रस प्यायला! अर्ज कराल का आता, विषय : रसपानाची परवानगी मिळणेबाबत.

दादाला मी मंडपातच बाजूला घेऊन म्हटलं, तुझं लोकेशन दाखव मला. म्हणे माझं कशाला, मी दुकानातच असतो. म्हटलं मग काय हरकत आहे, दुकानच दिसेल. तर म्हणे मला ते चालू करता येत नाही. पोरीच्या फोनमध्ये कॉलेजभोवती, हॉस्टेलभोवती गोल आखून अलर्ट लावता येतात, स्वतःचं एक बटण दाबता येत नाही. आणि चिरंजीव? ते नाशिकला असतात, त्यांच्या फोनमध्ये पण टाकलं होतं. "त्याचा फोन हँग व्हायचा म्हणून काढून टाकलं." अच्छा. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले दोन फोन, मुलाचा हँग होतो, मुलीचा होत नाही.

लगेच कोणीतरी म्हणेल, ताई सोपं आहे, सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं. माहीत आहे मला सेटिंग. अ‍ॅण्ड्रॉइडमध्ये त्या अ‍ॅपची परवानगी 'नेहमी'वरून 'अ‍ॅप वापरताना' वर आणता येते, नेमकं लोकेशन बंद करून नुसता अंदाजे परिसर दाखवता येतो. गुगल मॅपमध्ये कोणाकोणाला दिसतंय ती यादी निघते, एकेकाला काढता येतं. आयफोनवाल्यांना तासाभरासाठी, दिवसभरासाठी असं ठरवता येतं. सगळं आहे. पण या फॅमिलीवाल्या अ‍ॅपमध्ये तुम्ही बंद केलं की घरातल्या बाकीच्यांना लगेच दिसतं की हिने बंद केलंय! म्हणजे बटण तिच्या हातात, आणि दाबलं की पहिला फोन, "बंद का केलं?" लपवण्यासारखं काय आहे? काही नाही हो लपवण्यासारखं, तेच तर, काहीच नसताना सुद्धा मला दार लोटून घ्यावंसं वाटू शकतं की नाही? तुम्ही बाथरूमला कडी का लावता?

आमच्या सासूबाईंचं बघा. त्या मुक्ताईच्या पालखीसोबत पायी पंढरपूरला गेल्या, महिनाभराची वाट, वय बघता सगळ्यांच्या जिवाला घोर. त्यांच्या फोनमध्ये लोकेशन चालू करून दिलं, घरात सकाळ-संध्याकाळ दर्शन, आज बीड जिल्ह्यात, उद्या पुढे. मधेच गायब. कोणी काही म्हटलं? "चार्जिंग नसेल", "झोपल्या असतील". परत आल्यावर मी सहज विचारलं तर म्हणाल्या, "मना फोन शे, मी बंद करसू नही ते चालू, तुमले काय करनं शे?" विषय संपला. अख्ख्या घरात एवढं स्वातंत्र्य एकाच बाईला आहे आणि त्यासाठी तिला सत्तरी गाठावी लागली.

हो, कामाला येतं, नाही म्हणत नाही. हायवेला रात्री गाडी बंद पडली, म्हातारं माणूस वाट चुकलं, तेव्हा हेच उपयोगी पडतं. मान्य. पुढे.

आणि हा सगळा नकाशा फक्त दादाच बघतोय असं वाटतं का तुम्हाला? लाइफ३६० नावाचं जगभर चालणारं फॅमिलीचं अ‍ॅप आहे, त्याच्याबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत 'द मार्कअप'ने बातमी छापली होती की कुटुंबांचं नेमकं लोकेशन डेटाच्या दलालांना विकलं जातं. बोंबाबोंब झाल्यावर पुढच्या वर्षी कंपनी म्हणाली ते बंद करतो. म्हणजे आईबाप पोरांच्या काळजीने अ‍ॅप टाकतात आणि तिकडे त्या काळजीचा भाव लागतो, आपल्या मार्केट यार्डात केळीचा लागतो तसा. दादाला हे सांगितलं तर म्हणे आपलं लोकेशन कोण विकत घेतंय, आपण काय अंबानी आहोत का. यावर काय बोलणार.

कायद्याचं विचाराल तर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, त्यात कंपन्यांना अठराच्या आतल्या मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. छान. पण त्याच कायद्यात लिहिलंय की एखाद्या माणसाने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागू नाही. म्हणजे घरात बापाचं, नवऱ्याचं चालणार. बरोबरही असेल ते, उद्या बापावर केस करायला कोण जातंय. पण मग घरातलं घरातच बोलावं लागेल ना? आणि घरात बोललं की, "शिकून शहाणी झाली."

खरं सांगू, दादावर फार वेळ रागावता येत नाही मला. मी जळगावला कॉलेजला होते तेव्हा संध्याकाळच्या एसटीने यायचे आणि हा स्टँडवर सायकल घेऊन उभा असायचा. पावसाळ्यात गाडी उशिरा यायची तरी हा पत्र्याखाली उभा, चहा पण प्यायचा नाही, गाडी तेवढ्यात आली तर? तेव्हा फोन नव्हता. आज जो नकाशा बघत बसतो तो तोच दादा आहे, स्टँडवर उभा राहणारा. भीती खरी आहे त्याची. पेपर उघडला की रोज काहीतरी असतं, मुलीच्या बापाने काय करावं.

पण दादा, स्टँडवर तू उभा असायचास तेव्हा मी दिवसभर जळगावात काय केलं हे तुला माहीत नव्हतं. सकाळी एसटी सुटली की संध्याकाळी उतरेपर्यंतचा दिवस माझा होता. मी लेक्चर बुडवून मैत्रिणींबरोबर मेहरूण तलावावर जाऊन बसलेय, पिक्चर पाहिलाय, एकदा तर उगाचच भुसावळपर्यंत रेल्वेने जाऊन आलेय, काही काम नव्हतं, नुसतं जायचं होतं. काय झालं माझं? बी.एड. झाले, नोकरी लागली, दोन पोरं शिकवली. तुझ्या मुलीच्या वाट्याला असा एक तरी भुसावळ येणार का? ती स्टेशनवर पोचायच्या आत तुझा फोन.

आणि आईला तरी कुठे सगळं ठाऊक होतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यावर झोक्यावर बसून आम्ही काय काय बोलायचो ते त्या लिंबाच्या झाडाला माहीत. आता झोका कुठे बांधलाय तेही फोनवर दिसेल.

आमच्या घरात काय झालं ते सांगते, कारण इनबॉक्समध्ये विचारणार आहात. रसवंतीनंतर काही दिवस मी धुमसत होते. मग एका रात्री ह्यांना म्हटलं, दोघांचं चालू नाहीतर दोघांचं बंद. हे म्हणाले, माझं ठेव ना चालू, मला काय. ठेवलं. मग मी पण फोन करायला लागले, "का थांबलात? चौकात एवढा वेळ? पंक्चर झालं का?" प्रेमानेच बरं का. आठवडा सुद्धा टिकले नाहीत. बँकेसमोर मित्राशी बोलत उभे होते तेव्हा माझा फोन गेला आणि घरी येऊन स्वतःच म्हणाले, काढून टाक ते. आता रात्रीचा प्रवास असला, एकटीने लांब जायचं असलं की व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन टाकते. त्यात पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास असं असतं, वेळ संपली की आपोआप बंद, कोणाला 'हिने बंद केलं' असं वाटायला जागाच नाही. ज्याचा प्रवास त्याने टाकायचं, दुसऱ्याने मागायचं नाही. ह्यांचं म्हणणं, "मग मी घाबरू नको का?" घाबरा ना, खुशाल घाबरा, पण फोन करून विचारा कशी आहेस, कुठे आहेस ते मी सांगेन. आणि कधी नाही सांगणार.

रसवंतीवर आता थांबते. मेसेज करत नाही.

भाचीशी बोलताना तिला हे सगळं सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपचं पण. ती म्हणाली, "आत्या, पप्पांना तू सांग, मी सांगितलं तर म्हणतील कोणीतरी शिकवलं." म्हणून रविवारी जाणार आहे दादाकडे. अ‍ॅप काढ असं एकदम नाही म्हणणार, त्याला ब्लडप्रेशर आहे. सर्कलमध्ये (अ‍ॅपमधल्या घरच्या ग्रुपमध्ये) आधी तो, मग चिरंजीव, मग वहिनी, आणि सगळ्यांची नावं त्यात आल्यावर पोरीने ठरवायचं राहायचं की नाही. चिरंजीवांचा फोन हँग होणार हे मला आत्ताच दिसतंय. आणि पाहुण्यांच्या हातात तिचा नकाशा द्यायचा नाही, ही अट. एवढी तर मान्य करेलच, नाही केली तर त्याच मंडपात बोलल्यासारखी मोठ्याने बोलणार आहे मी.

आणि हो, खाली कॉमेंटमध्ये 'मुलीच्या बापाचं काळीज तुम्हाला काय कळणार' लिहिणाऱ्या दादा-काका-मामांनी आधी आपलं स्वतःचं लाइव्ह लोकेशन घरच्या ग्रुपवर टाकावं, आठ तासवालं, आणि मग लिहावं. रात्री दहापर्यंत वाट बघते.