फोनची वेळ हाताने लावायला सांगणारा तो मेसेज खोटा आहे

मावशीपर्यंत पोचला म्हणून लिहितोय. मेसेज असा: "फोनमधली ऑटोमॅटिक तारीख-वेळ लगेच बंद करा, त्यातून हॅकर फोनमध्ये शिरतात, बँकेचे कोड चोरतात, बॅटरी खातात. वेळ हाताने लावा."

मावशीने लावली. कोथरूडच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात बघून, जे बस चुकू नये म्हणून कायम सात मिनिटं पुढे असतं. त्यात वर्षही चुकून एक मागे गेलं. मग बँकेची साईट उघडेना, स्क्रीनवर इंग्रजीत मोठ्ठा इशारा, आणि घाबऱ्याघुबऱ्या तिचा फोन, "बघ रे, झालाच ना हॅक!" हॅकबिक काही नाही. साईटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे साईट खरी असल्याच्या डिजिटल दाखल्यावर, कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, फोन वर्षभर मागे असला की त्याच्या लेखी ते अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो अडवतो. म्हणजे सल्ला ऐकायचा, त्यानेच फोन बिघडवायचा आणि वर मेसेज खरा वाटायला लागायचा. माझं डोकं फिरलं ते ह्यानेच.

कोडचं तर साफ उलटं आहे. ऑथेंटिकेटर ॲपचा (लॉगिनचे कोड फोनमध्येच बनवणारं ॲप) कोड फोनच्या वेळेवरूनच बनतो, साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो, सात मिनिटं पुढच्या घड्याळावर तो चुकणारच. एसएमएसचा ओटीपी बँक बनवते, त्याला तुमच्या घड्याळाशी घेणंदेणं नाही.

आणि शिरतात म्हणे! फोन वेळ घेतो मोबाईल नेटवर्ककडून नाहीतर एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरला विचारून घड्याळ जुळवायच्या पद्धतीने. एनटीपीचे नियम आरएफसी ५९०५ ह्या इंटरनेटच्या जाहीर नियमपत्रकात आहेत, २०१० पासून कुणीही फुकट वाचावेत. ह्यात जाणारं-येणारं डेटाचं मूळ पाकीट ४८ बाइटचं, म्हणजे काना-मात्रा धरून देवनागरीची १६ चिन्हं मावतील एवढं. त्यात कधी निघालं, कधी पोचलं असे वेळेचे शिक्के असतात, त्यावरून जाण्यायेण्याचा वेळ वजा करून घड्याळ सरकवतात. नाव नाही, नंबर नाही, खातं नाही. एवढंसं पाकीट बॅटरी काय खाणार, तेही ह्यातच आलं.

एक मात्र मान्य करावं लागेल. साधं एनटीपी उघडंच जातं, सर्व्हरला आयपी (फोनचा इंटरनेटवरचा पत्ता) दिसतो, वाटेत कुणी खोटी वेळही घुसवू शकतो, म्हणून तर २०२० मध्ये एनटीएस, म्हणजे एनटीपीला सुरक्षा देणारी जोड, आलं. पण आयपी कुठलीही साईट उघडली की दिसतोच. आणि हाताने लावलेलं घड्याळ दहा लाखांत २० भाग (दहा लाख सेकंदांमागे २० सेकंद) जरी चुकलं तरी महिन्याला पाऊण मिनिटाच्या वर सरकतं. आपल्या सर्ट-इननेही (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना घड्याळं एनआयसी (सरकारी संगणक केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) एनटीपी सर्व्हरशी जुळवायलाच सांगितलंय, बंद करायला नाही.

मावशीच्या फोनवर ऑटोमॅटिक परत चालू केलं, साईट लगेच उघडली. ग्रुपवर अजून कुणी बंद केलं असेल तर आजच चालू करा, आणि जमत नसेल तर मला फोन करा, मी सांगतो.