घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होतात?

सिटी कौन्सिलच्या सभेत तीन मिनिटं तक्रार मांडायला गेलो आणि माझाच जबाब नोंदवून घेतला गेला. अजून डोकं थंड झालेलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

कारण तसं क्षुल्लक. आमच्या कॅलिफोर्नियातल्या गावात दर मंगळवारी सकाळी आठ ते दहा रस्ता झाडणारी गाडी येते. म्हणजे यायला हवी. त्या वेळात आपली गाडी रस्त्याकडेला दिसली की दंड. झाडणारी गाडी आमच्या गल्लीत कित्येक आठवडे फिरकलेली नव्हती, पण पावती फाडणारा गडी मात्र आठच्या ठोक्याला हजर. कचरा जागच्या जागी आणि पावती काचेवर.

इथे १९५३पासून ब्राऊन अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, आणि जे विषय तिच्यात नाहीत त्यांवरही नागरिकाला बोलू द्यावं लागतं. सभासदांना मात्र अशा विषयावर निर्णय घेता येत नाही. तुम्ही बोंबला, त्यांनी मान डोलवायची. फार तर एखादा खुलासा विचारायचा. हा खुलासा विचारण्याचा अधिकार एका निवृत्त पोलीस चीफच्या हाती पडला की काय होतं, ते मी स्वतः भोगलं.

आमच्या पाच सभासदांपैकी एक जण गावाचेच माजी चीफ आहेत. निवडून येऊन बराच काळ झाला तरी सगळे त्यांना चीफच म्हणतात. सध्याचे चीफ भिंतीकडेच्या खुर्चीत बसतात, त्यामुळे कुणी "चीफ" अशी हाक मारली की दोन माना वळतात. महापौरबाई दर वेळी "कौन्सिलमेंबर" अशी दुरुस्ती करतात आणि पुढच्या वाक्यात स्वतःच चुकतात.

माझी पाळी आली. हिरवा दिवा लागला, घड्याळ सुरू झालं. मी "नमस्कार, मी" एवढंच म्हणालो असेन.

"नाव?" चीफनी खिशातून छोटी वही काढली. खरीखुरी, वरून उलटणारी.

"क्षीरसागर."

"स्पेलिंग?"

मी म्हटलं, के. ते म्हणाले, "किंग." एस. "सॅम." एच. "हेन्री." ही लॉस एंजेलिसच्या पोलिसांची वायरलेसवरची बाराखडी, हे मला घरी आल्यावर कळलं. तिथे मला वाटलं, माणूस ओळखीच्यांची नावं घेतोय. पुढे आयडा, रॉबर्ट, पुन्हा सॅम, अ‍ॅडम, जॉर्ज, पुन्हा अ‍ॅडम आणि शेवटी परत रॉबर्ट. एका आडनावातून दहा माणसं निघाली, त्यात दोन सॅम, दोन अ‍ॅडम, दोन रॉबर्ट. एकही आमच्या कुळातला नाही. तोवर दिवा पिवळा झाला होता.

"तर रस्ता झाडणारी गाडी आली नाही, असं तुमचं म्हणणं आहे."

"हो, सर."

"घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"कुठली घटना? गाडी आलीच नाही, तर घटना कुठली?"

"आठ ते दहा. कुठे होतात?"

"घरी."

"सलग दोन तास खिडकीत?"

"नाही. मधे चहा केला."

त्यांनी वहीत लिहिलं. काय लिहिलं देव जाणे, पण 'चहा' लिहायला इतका वेळ लागत नाही.

"म्हणजे काही काळ रस्ता तुमच्या नजरेआड होता. कुणी साक्षीदार?"

"बायको होती."

"ती हितसंबंधी साक्षीदार झाली." एवढं म्हणून त्यांनी सभागृहाकडे अशा नजरेनं पाहिलं की पलीकडच्या रांगेत बसलेल्या माझ्या बायकोनं पर्स छातीशी घट्ट धरली. मी म्हणालो, सर, रस्त्यावरची पानं तशीच होती, हा पुरावा नाही का? ते म्हणाले, पानं नंतरही पडू शकतात. या माणसानं उमेदीच्या काळात कितीजणांना न केलेले गुन्हे कबूल करायला लावले असतील, असं मनात आलं. मी आणखी दोन मिनिटं उभा राहिलो असतो तर मीच झाडूवाली गाडी पळवली असं सांगून मोकळा झालो असतो. तेवढ्यात लाल दिवा लागला. त्यांच्या प्रश्नांत गेलेला वेळ माझ्या खात्यातून गेला होता, आणि तो परत मागायची सोय नव्हती. सभेला हजर राहण्यासाठी नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हेही त्याच ब्राऊन अ‍ॅक्टमध्ये आहे. ते मी रात्री वाचलं आणि झोप उडाली.

पण या माणसांची गंमत बघा. लॉस एंजेलिसचे बर्नार्ड पार्क्स १९९७ ते २००२ तिथले पोलीस चीफ होते. हाताखाली नऊ हजारांच्या आसपास पोलीस. दुसरी पाच वर्षं नाकारली गेली, तर पुढच्याच वर्षी ते आठव्या विभागातून कौन्सिलवर निवडून आले आणि १२ वर्षं बसले. अर्थसमितीचं अध्यक्षपदही सांभाळलं. २००५मध्ये तर ज्या महापौरांनी त्यांच्या मुदतवाढीला विरोध केला होता, त्यांच्याच विरोधात उभे राहिले. महापौर हरले, हेही हरले, तिसराच निवडून आला. पण मला अडतं ते दुसरीकडेच. नऊ हजार माणसं ज्याच्या शब्दावर हलायची, त्याचं मत कौन्सिलमध्ये १५तलं एक झालं.

आमच्या गावात तर एवढंही नाही. इथे कौन्सिल सिटी मॅनेजर नेमतं आणि कारभार मॅनेजर हाकतो. पोलीस चीफही तोच नेमतो. सभासदानं कर्मचाऱ्याला परस्पर हुकूम सोडायचा नाही. पाचातल्या तिघांनी सभेबाहेर कामाचं बोलायचंही नाही. म्हणजे चीफना आज एका शिपायाला साधं "चौकात उभा राहा" म्हणता येत नाही. उलटतपासणी करायला हक्काचं गिऱ्हाईक उरलं ते माइकसमोर येणारं. आम्ही.

पुढची सभा मी घरूनच पाहिली. रस्तेसफाईच्या कंत्राटाचं नूतनीकरण एकगठ्ठा मंजुरीच्या यादीत होतं, म्हणजे चर्चेविना पंधरावीस विषय एका मतात निकाली. चीफनी तो विषय बाहेर काढला. वही उघडली. सार्वजनिक बांधकामवाल्या अधिकाऱ्याला विचारलं, "मंगळवारी आठ ते दहा गाडी कुठे होती?" तो म्हणाला, वेळापत्रकानुसार मार्गावर. "पाहिली कुणी?" तो गडबडला. पुढे मार्गाचे नकाशे, गाडीचा क्रमांक, चालकाची सुट्टी, सगळा पंचनामा झाला. अधिकाऱ्याला घाम फुटला आणि मी सोफ्यावर उठून बसलो. एका क्षणाला तर टाळी वाजवली. बायको म्हणाली, परवा शिव्या घालत होतास ना?

मतदान झालं. चार विरुद्ध एक. कंत्राट मंजूर.

दंड मी काल ऑनलाइन भरला. वर तीन डॉलर 'सुविधा शुल्क' लावलंय.