ओंद मार्तनो आणि सॅक्सोफोनची गाठ कालपरवाची नाही

‘जुनं इलेक्ट्रॉनिक वाद्य आणि सॅक्सोफोन एकत्र वाजवणं हे हल्लीचं फ्यूजनचं खूळ. एक भुताच्या सिनेमातलं यंत्र, दुसरं जॅझच्या क्लबातलं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात त्यांचं काय काम?’ असा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे.

आधी ‘हल्लीचं’ पाहू. संगीतकार आर्थर ओनेगेरनं जोन ऑफ आर्कवरचं संगीतनाट्य १९३५ मध्ये लिहिलं, ते १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला सादर झालं. त्याच्या वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्न एकही नाही. त्यांच्याऐवजी तीन आल्टो सॅक्सोफोन, आणि सोबत ओंद मार्तनो, म्हणजे मजकुरातलं ते ‘जुनं इलेक्ट्रॉनिक वाद्य’. म्हणजे हे खूळ आपल्या आजोबांच्या वयाचं!

जॅझचं म्हणाल, तर सॅक्सोफोन घडवणाऱ्या अडोल्फ साक्सचं पेटंट १८४६ चं. फ्रेंच संगीतकार बिझेनं सॅक्सोफोन १८७२ मध्ये वाद्यवृंदात बसवला, तेव्हा जॅझ जन्मायचं होतं.

‘यंत्र’ हा आक्षेप मात्र सविस्तर उत्तर मागतो. १९२८ मध्ये ओंद मार्तनो पॅरिसच्या रसिकांपुढे आणणारा मोरिस मार्तनो स्वतः चेलोवादक होता, आणि ते वाद्यात दिसतं. उजव्या तर्जनीत अंगठी घालून ती तारेसोबत सरकवली की अखंड मींड निघते. कीबोर्डही आहे; त्याची पट्टी बोटानं किंचित हलवली की सूर थरथरतो. पण डाव्या हाताची कळ दाबल्याशिवाय आवाजच नाही. जितका दाब, तितका आवाज. सॅक्सोफोनवाला श्वासानं जे करतो, ते इथे बोटाच्या दाबानं होतं. दोन्ही वाद्यं एका वेळी एकच सूर धरतात, म्हणून संवाद जमतो. शिवाय सॅक्सोफोनचा खर्जातला सूर अगदी हळू सुरू करणं भल्याभल्यांना जड जातं. ओंद मात्र शांततेतून अलगद वर येतं. एकानं सुरुवात करावी, दुसऱ्यानं सूर उचलावा, यात मला तरी खूळ दिसत नाही.

भुताटकीचा आरोप अर्धा मान्य. ओनेगेरनंही ओंदकडून कुत्र्याचं रडणं काढून घेतलं आहे. पण विजेवरच्या वाद्याला तेवढंच येतं, असं आपण तरी म्हणू नये. १९५४ च्या ‘नागिन’मधली बीन ऐकून थिएटरं डोलली. ती बीन नव्हतीच. कल्याणजी क्लॅव्हायोलिन हे विजेवरचं कीबोर्ड-वाद्य वाजवत होते.