‘गावरान कोंबडीला काही लागत नाही’ : फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

“किराणा दुकानातून २० गावरान अंडी आणा, थर्माकोलच्या खोक्यात १०० वॅटच्या बल्बखाली ठेवा, २१ दिवसांत २० पिल्ले. गावरान काटक असते, लस लागत नाही, खाद्याचा खर्च शून्य. सहा महिन्यांत २० कोंबड्या अंड्यावर.” व्हॉट्सॲपवर हा मजकूर शेतकऱ्यांच्या आणि गच्चीबागवाल्यांच्या गटांत सारखा फिरतो. त्यातले २१ दिवस बरोबर आहेत. मोठी गावरान कोंबडी काटक असते, हेही खरे. पण हा काटकपणा साधारण आठ आठवड्यांनंतर येतो. त्याआधी कडकनाथ असो, असील असो की साधी गावरान, अंडे आणि पिल्लू नाजूकच असते. हा फरक न सांगितल्यामुळे पिल्ले हकनाक मरतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

“किराणा दुकानातली अंडी आणा.” लेअर फार्मवर (फक्त खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे) नर ठेवत नाहीत, त्यामुळे दुकानातले अंडे बहुधा फलितच नसते. तपकिरी कवच म्हणजे गावरान, हाही गैरसमज. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि फार्मवरच्या काही जातीही तपकिरी अंडी देतात. उबवायची अंडी कोंबडा असलेल्या कळपातूनच घ्यावीत, ८ ते १० माद्यांमागे एक नर असलेल्या. शुद्ध जात हवी असेल तर आणखी एक पथ्य आहे. नराचे बीज मादीच्या अंगात दोन ते तीन आठवडे टिकते, म्हणून माद्या तीन आठवडे आधी इतर जातींच्या नरांपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. गिरिराज, वनराज हे सुधारित पक्षी चांगले आहेत, पण त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिढी तेच गुण देत नाही.

अंडी सात दिवसांच्या आतली असावीत, टोकदार बाजू खाली, १५ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवलेली. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या घरात एवढा गारवा नसतो. गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. त्या दिवसांत तीन-चार दिवसांपेक्षा जुने अंडे बसवू नये. अंडी धुऊ नयेत, वरचा संरक्षक थर निघून जंतू आत शिरतात.

“थर्माकोल आणि १०० वॅटचा बल्ब पुरे.” थर्माकोलचे खोके चालते, नुसता बल्ब चालत नाही. बल्बाखालचे अंडे भाजते, कोपऱ्यातले गार राहते. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला बल्ब आपोआप चालू-बंद करणारे साधन), हवा फिरवणारा १२ व्होल्टचा छोटा पंखा आणि दोन्ही बाजूंना बोटभर छिद्रे हवीतच. मग लहान खोक्याला ४० ते ६० वॅटचा पिवळा बल्ब पुरतो. पंखा असेल तर ३७.५ अंश, नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८. तापमान थोडे कमी राहिले तर पिल्लू एक-दोन दिवस उशिरा आणि अशक्त निघते. जास्त झाले तर मरते, त्यामुळे चूक व्हायचीच असेल तर ती कमीच्या बाजूला होऊ द्यावी. वीज गेली तर झाकण उघडून पाहू नका, खोक्यावर गोधडी टाका. तास-दोन तास निभावतात. फक्त हवेची छिद्रे बुजवू नका.

मेसेजमध्ये आर्द्रतेचा उल्लेखच नाही, आणि नाशिकमध्ये पिल्ले सर्वांत जास्त दगावतात ती इथेच. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत कवचाच्या आतला पापुद्रा वाळून पिल्लू त्याला चिकटते आणि चोच मारूनही बाहेर येत नाही. श्रावणात उलटे. अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आतच गुदमरते. म्हणून पावसाळ्यात पहिल्या १८ दिवसांत खोक्यातली पाण्याची वाटी बऱ्याचदा रिकामीच ठेवावी लागते. वाटीची खोली नव्हे, पसरटपणा आर्द्रता वाढवतो. खात्री करायची तर वजन करा: ५० ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी ४४ ग्रॅमच्या आसपास यायला हवे.

पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवावीत. विषम वेळा अशासाठी, की रात्रीचा लांब वेळ रोज एकाच कुशीवर जाऊ नये. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा. लाल शिरांचे जाळे दिसले नाही ते अंडे काढा. अठराव्या दिवशी फिरवणे थांबवा आणि नंतर झाकण उघडू नका. चोच लागल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात. घाईने कवच सोलले तर रक्तस्राव होतो.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. जानेवारीत पिल्ले गठ्ठा करून एकमेकांखाली चेंगरतात ती यामुळेच. वर्तमानपत्र गुळगुळीत असते, त्यावर पाय फाकतात. घोटी-इगतपुरीकडच्या भातगिरणीतले तूस दोन इंच पसरा.

“लस लागत नाही.” हा सर्वांत घातक सल्ला. मानमोडी (राणीखेत रोग) गावरानलाही होते आणि अख्खे खुराडे रिकामे करते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस. आठ ते दहा आठवड्यांत आर-टू-बी ही मानमोडीचीच जास्त तीव्र लस, आठवडाभर आधी जंतनाशक देऊन. आर-टू-बी लहान पिल्लाला देऊ नये, ती त्याला झेपत नाही. लस बर्फात आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा. पाण्यातून देत असाल तर नळाचे क्लोरीनचे पाणी नको, त्याने लस मरते. कुपीत बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, म्हणून शेजारच्या चार घरांनी एकाच दिवशी लसीकरण ठरवावे. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून घ्यावे.

“खाद्याचा खर्च शून्य.” उकिरडा, गोठा, मोकळे परसू असेल तर मोठ्या कोंबडीचे बरेचसे भागते, तरी संध्याकाळी मूठभर दाणे हवेतच. पेव्हर ब्लॉक टाकलेल्या अंगणात तिने काय उकरायचे? पिल्लांना आठ आठवडे २० टक्के प्रथिनांचे स्टार्टर (पिल्लांचे तयार खाद्य) लागते आणि नुसत्या मक्यात ९ टक्क्यांच्या आसपासच असतात. येवला-लासलगावकडचा नवा मका ओला असतो, बुरशी धरतो आणि तिचे विष यकृत खाते. दाताखाली कटकन फुटणारा दाणाच घ्या. द्राक्षबागेत छाटणीनंतर फवारण्या चालू असताना पक्षी सोडू नका.

“२० अंडी, २० कोंबड्या.” चांगल्या हातातही २० पैकी १२-१४ पिल्ले निघतात. त्यांतले निम्मे नर. वाटेत एखाद-दुसरे गमावून हाती पाच-सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या माद्या) उरतात, आणि त्या अंड्यावर यायला सहा-सात महिने लागतात.

एवढ्याच संख्येसाठी उबवणीचे यंत्र घेण्याआधी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी कोंबडी शोधा. पाटीत वाळू आणि पेंढा, अंगाला उवांची पावडर, रात्रीच्या वेळी १० ते १२ अंडी खाली सरकवायची, दाणा-पाणी जवळ. ऊब आणि फिरवणे ती स्वतः सांभाळते. कडकनाथची मादी क्वचितच खुडूक बसते, म्हणून तिची अंडीही गावरान कोंबडीखालीच द्यावीत.