सांडासांड म्हणे!

आज सोसायटीच्या चित्रकला स्पर्धेत परीक्षकबाईंनी एका सात-आठ वर्षांच्या पोरीचं चित्र सगळ्यांसमोर उंच धरलं आणि म्हणाल्या, "ही सांडासांड आहे, चित्र नाही." आणि पालक हसले! मी बाजूलाच उभी होते हो. पोरीने टूथब्रशवर बोट ओढून निळ्यावर पिवळं उडवलं, मग थांबली, कागद फिरवून बघितला आणि लाल फक्त एका कोपऱ्यात टाकला. पहिला नंबर कशाला मिळाला? दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली झोपडी आणि नदी. आमच्या आजीच्या काळापासून तोच सूर्य उगवतोय.

डोकं फिरलंय, त्यामुळे लांबेल.

साताऱ्याच्या आमच्या घराला दिवाळीआधी चुना मारायचे, नीळ घालून. शेवटच्या दिवशी रंगारीकाका उरलेला गेरू आणि पिवडी डबड्यात कालवून आम्हा पोरांना द्यायचे आणि न्हाणीची मागची भिंत आमची. चुन्याला मात्र हात लावायचा नाही, डोळ्यात गेला तर काय होतं ते आधीच घाबरवून सांगितलेलं. आम्ही कुंचा धडाधड झाडत सुटायचो आणि काका ओरडायचे, "अरे थांब की! काय झालंय ते बघ, मग पुढचं टाक."

आता तो अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक घ्या. कॅनव्हास जमिनीवर अंथरायचा, घराला लावायचा इनॅमल पेंट काठीने ओघळवायचा, चारी बाजूंनी फिरत. 'टाइम' मासिकाने याला गोंधळ म्हटलं तेव्हा १९५० मध्ये त्याने चिडून तार केली की गोंधळबिंधळ काही नाही. म्हणजे तोही थांबून बघत होता, आमच्या काकांसारखाच, फक्त त्याचं म्युझियममध्ये लागतं आणि काकांच्या भिंतीवर पुढच्या वर्षी चुना बसला.

आणि त्याच्याही आधी जेनेट सोबेल. ब्रुकलिनमधली आजीबाई, नातवंडंबितवंडं असलेली, घरात बसून रंग ओघळवायची. पोलॉकने तिची चित्रं बघितली होती, त्याला आवडलीही होती. पण समीक्षक तिला काय म्हणाले? गृहिणी. बायांनो, ओळखीचं वाटतंय ना? जाऊ दे, तो राग वेगळ्या पोस्टमध्ये काढते.

मला खरं कळत नाही ते हे की आपल्याला ऐनवेळी सुचलेलं आवडत नाही असं थोडंच आहे? ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची, गवई त्यावर तासभर बढत करतो, समेवर आला की आपणच माना डोलावतो. तमाशातला सोंगाड्या बतावणीत समोर कोण बसलंय ते बघून तिथल्या तिथे टोला हाणतो आणि आपण शिट्ट्या मारतो. मग पोरीने कागदावर तेच केलं की झोपडी कुठेय म्हणून विचारायचं?

हां, मान्य, नुसतं उडवलं की चित्र होत नाही, बराचसा कचराच निघतो. पोलॉकसुद्धा आधी रीतसर शिकला होता आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटची वस्तुचित्रं, स्मरणचित्रं काढून हात बसतो हेही खरं. काढा की. कोण नको म्हणतंय.

पण मागच्या महिन्यात ऑफिसात प्रेझेंटेशनच्या मध्येच लाइट गेली, स्लाइड्स गेल्या, साहेब घड्याळ बघतायत, आणि माझ्या कानात काकांचं तेच, काय झालंय ते बघ. बघितलं तर अर्धे लोक स्लाइडमुळेच पेंगत होते! मार्कर घेतला, बोर्डावर एक वाकडा चौकोन काढला, एकाने काहीतरी शंका काढली, तिच्यावरून दुसरी आकृती, आणि शेवटी जे निघालं ते माझ्या स्लाइड्सवर नव्हतंच. हे मला कुठल्या ट्रेनिंगने शिकवलेलं नाही, त्या न्हाणीच्या भिंतीने शिकवलंय. हल्ली डोकं चालेनासं झालं की गॅलरीत रद्दी पसरते आणि जुन्या ब्रशने पोस्टर कलर उडवत बसते. कधी काही सुचतं, कधी नुसतीच नखं निळी होतात. नवरा म्हणतो कपडे खराब होतात. होतात.

परीक्षकबाई वाईट नसतील, त्यांनाही कुणीतरी झोपडीच शिकवली असेल. तरी हसायला नको होतं.

तर रविवारी सकाळी गच्चीवर या, पोरं घेऊन किंवा एकटेच. जुने कपडे, रद्दी, टूथब्रश. ऑइल पेंट आणि टर्पेंटाइन कुणीही आणायचं नाही, पाण्याचेच रंग. सेक्रेटरींशी मी बोलते. आणि फरश्या कोण पुसणार यावर कमेंटमध्ये भांडू नका, मी पुसेन.