स्क्रीन सरळ करायचीय? तीन रविवार मोकळे ठेवा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुम्ही कोणाच्या तरी नादाला लागून बाबांच्या जुन्या कोअर टू ड्युओ कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टीम टाकलीत, आधी त्याबद्दल अभिनंदन. मशीन पळायला लागलं, आवाज येतोय, प्रिंटरसुद्धा चालला (हे कोणाला सांगू नका, विश्वास ठेवत नाहीत). फक्त साडेअठरा इंची मॉनिटरवर सगळं १०२४ बाय ७६८ मध्ये दिसतंय, म्हणजे जवळपास चौकोनी चित्र आडवं ताणून बसवलंय आणि ताईच्या लग्नाच्या फोटोत अख्खं वऱ्हाड दोन महिने आमरसावर असल्यासारखं. सेटिंगमध्ये जाऊन बघाल तर १३६६ बाय ७६८ हा मॉनिटरच्या खऱ्या मापाचा पर्यायच नाही. काळजी नको. मी या वाटेने जाऊन आलोय, तीन रविवारांत काम होतं.

पहिला नियम, मॉनिटरच्या मागे बघायचं नाही. तिथे निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते, तिच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची माहिती देत असतो, मी इतका रुंद, इतका उंच, मला इतके हर्ट्झ झेपतात वगैरे, सगळी मिळून १२८ बाइटची कुंडली, तिला ईडीआयडी म्हणतात. कुंडली पोचलीच नाही तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, उगाच जोखीम घेत नाही, जास्तीत जास्त १०२४ बाय ७६८ देतो, दारात आलेल्या अनोळखी माणसाला पाणी विचारावं पण आत बोलवू नये तसं. आता केबल काढून बघायला लागतात दोन मिनिटं. दोन मिनिटांत काम झालं तर उरलेला रविवार करणार काय? तेव्हा केबलला हात लावायचा नाही, टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडायचं.

टर्मिनलमध्ये सीव्हीटी १३६६ ७६८ असं टाइप करा. उत्तर १३६८ चं येईल. टायपिंगची चूक नाही ती, त्या हिशोबात रुंदी ८ च्या पटीतच लागते आणि १३६६ ला ८ ने भाग जात नाही, म्हणून तो भाजीवाल्यासारखा "सव्वा किलो भरलंय, राहू द्या ना ताई" म्हणून दोन पिक्सेल जास्तीचे टाकतो. सोबत ८५.२५, मग १३६८, १४४०, १५७६, १७८४ अशी आकड्यांची माळ येते. ती समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, जशीच्या तशी उचला आणि एक्सरँडआर नावाच्या, स्क्रीनचं माप बदलणाऱ्या कमांडच्या न्यूमोडमध्ये चिकटवा. पुढची कमांड ॲडमोडची, ती मात्र नेटवरच्या एखाद्या जुन्यापुराण्या उत्तरातूनच घ्यायची, नवीन उत्तरात मजा नाही. त्यात पोर्टचं नाव असतं व्हीजीए१. एंटर मारलात की असं आउटपुट सापडत नाही म्हणून मेसेज येतो, परत मारा, परत तेच, मग सुडो लावून मारा (सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने कमांड चालवणं, त्याचा इथे काडीचा संबंध नाही पण हात आपोआप जातो). शेवटी कधीतरी नुसतं एक्सरँडआर टाइप केलंत तर दिसेल की तुमच्या मशीनवर त्याचं नाव व्हीजीए-१ आहे. मध्ये आडवी रेघ. त्या रेघेपायी माझा पाऊण तास गेला, तुमचा का वाचवू?

तिसरी कमांड आउटपुट आणि मोडची, ती मारलीत की स्क्रीन भरली, वऱ्हाड बारीक झालं, सगळ्यांना बोलावून दाखवा, चहा घ्या. आणि मग रिस्टार्ट करा. परत आमरस. कारण एक्सरँडआरने केलेलं त्या लॉगिनपुरतंच असतं. याच ओळी होम फोल्डरमधल्या डॉट एक्सप्रोफाइल फाइलमध्ये टाकल्या की दर लॉगिनला आपोआप चालतात, पण इतकं सोपं कशाला, रोज सकाळी पेपर वाचायच्या आधी बाबांना तिन्ही कमांड हाताने टाइप करायला लावा, या वयात मेंदूला काम हवं.

दुसरा रविवार एक्सऑर्ग डॉट कॉन्फचा, म्हणजे स्क्रीनच्या सेटिंगच्या फाइलचा. ही फाइल हल्ली बहुतेक मशीनवर नसतेच, नसली तरी चालतं, त्यामुळे ती स्वतः बनवायची. एक अवतरण चिन्ह बंद करायला विसरायचं. काळी स्क्रीन. आई विचारेल, "बंद पडला का रे?" तर शांतपणे "नाही, कॉन्फिगर होतोय" म्हणायचं आणि कंट्रोल आल्ट एफ३ दाबून, लॉगिन करून, फोनवर बघत बघत ती फाइल उडवायची. इतक्यात कोणीतरी सल्ला देतोच की ग्रबमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, नोमोडसेट टाका. टाका ना! ते असतं ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर मध्ये येऊ नये म्हणून, इन्स्टॉल करताना स्क्रीन काळी पडली तर तेवढ्यापुरतं वापरायचं, ताप उतरला तरी गोळी चालू ठेवावी तसं आपण ते कायमचं ठेवायचं. माझ्याकडे त्यानंतर ८०० बाय ६०० झालं. आता गंमत बघा, रेझोल्यूशन वाढवायची जी सेटिंगची खिडकी आहे तिचं अप्लायचं बटण स्क्रीनच्या खाली, टेबलाच्या आसपास कुठेतरी. आल्ट दाबून धरून खिडकी माउसने वर ओढली की ते दिसतं, पण दिसूनही उपयोग नाही कारण यादीत ८०० बाय ६०० हा एकच पर्याय. तो निवडून अप्लाय करा, समाधान वाटतं.

तिसऱ्या रविवारी नोमोडसेट काढून टाका, सुडो अपडेट ग्रब मारा, आणि आईला टेबल पुसायला बोलवा. ती मॉनिटर हलवणार, केबल निघणार, आणि ती टोक डोळ्यांजवळ धरून म्हणणार, "ही काडी वाकडी आहे ना रे?" तुम्ही तुच्छतेने बघायचं. एक पिन मुळातच नाहीये, ती ९ नंबरची, बऱ्याच केबलना ती नसतेच, तिच्यावर आळ घेऊ नका. वाकडी आहे ती १२ नंबरची. आई तोपर्यंत भुवया कोरायचा चिमटा घेऊन आलेली असेल. केबल लावा, चालू करा, यादीत १३६६ बाय ७६८ सगळ्यात वर, न बोलावता हजर.

मग बाबा चष्मा वर करून बघतील, खाली करून बघतील, आणि म्हणतील, "अक्षरं बारीक झाली रे. आधीचं बरं होतं."

चिडायचं नाही. टर्मिनल उघडा. एक्सरँडआर, आउटपुट, व्हीजीए, आडवी रेघ, एक, मोड १०२४ बाय ७६८.