खुलासा : उन्हात राबणाऱ्या आईचे दूध ‘नासत’ नाही

दिवसभर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईचे दूध अंगातच नासते, म्हणून बाळाला तिसऱ्या महिन्यापासून वरचे दूध लावावे, असे विदर्भातील खेड्यांत सांगितले जाते. ते खरे नाही. बाळ जितक्या वेळा ओढते त्या प्रमाणात दूध तयार होते; आई पहाटे वावरात गेली आणि घरी बाटली लागली, की पाजण्याच्या वेळा घटतात व दूध आटू लागते. नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, मजुरीवर जाणारीला बहुधा एकही दिवस नाही. स्तनपान लवकर सुटण्याचे कारण उन्हापेक्षा इथे (आणि शेजारणींच्या ‘दूध पुरत नाही’ या शेऱ्यात) शोधावे. पहिले ६ महिने केवळ आईचे दूध, नंतर वरच्या अन्नासोबत २ वर्षे किंवा अधिक, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस शेतमजूर आईलाही लागू आहे. तिने कामावर निघण्यापूर्वी, परतल्यावर आणि रात्री पाजणे सुरूच ठेवावे.